तिसरी उशी : हार्ट फेल्युअरच्या खुणा घरातच कशा ओळखायच्या

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराला बावीस पायऱ्या आहेत. अण्णा सत्तरीला टेकेपर्यंत त्या एका दमात चढत, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात रविवारच्या पोह्यांचा पुडा असला तरी. मग कधीतरी ते बाराव्या पायरीवर, जिना वळतो तिथे थांबू लागले. खिशातून मोबाईल काढायचे, काहीतरी वाचल्यासारखं करायचे आणि उरलेल्या दहा चढायचे. आम्हाला वाटलं, निवृत्तीनंतर मोबाईलचा नाद लागला. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला ते आले नाहीत. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हापासून ज्यांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं, ते म्हणाले, "गर्दी फार असते गं आता." दसऱ्याला त्यांच्या डोक्याखाली दुसरी उशी आली, दिवाळीनंतर तिसरी. मानेला बरं वाटतं म्हणाले. खोकला होता, तो धुळीचा ठरला. एका दवाखान्यातून दोन महिने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या येत राहिल्या. आणि या सगळ्यावर आम्ही घरच्यांनी एकच निदान करून टाकलं होतं : वय झालं.

डिसेंबरातल्या एका रात्री अडीच वाजता अण्णा दचकून उठले, खिडकी उघडली आणि गज धरून श्वास ओढू लागले. पहाटेपर्यंत ते अतिदक्षता विभागात होते. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग २८ टक्के निघालं. भरतीच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' हे शब्द वाचून आई मटकन खाली बसली. तिला वाटलं, सगळं संपलं.

संपलं नव्हतं. अण्णा आज पंच्याहत्तरीचे आहेत. पण त्या बाराव्या पायरीपाशी आम्ही शहाणे असतो, तर ती रात्र टळली असती. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं हा आजार घरात सांभाळला, प्रत्येक तपासणीला वही घेऊन गेले, डॉक्टरांना विचार विचार विचारलं, त्यातून हे जमा झालं आहे. औषध कोणतं आणि किती, हे ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांच्यापर्यंत लवकर कसं पोचायचं, तेवढं मी सांगते.

आधी शब्दांचा घोळ

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही, किंवा जमवताना आतला दाब फार वाढतो. हार्ट ॲटॅक वेगळा : त्यात हृदयालाच रक्त देणारी वाहिनी तुंबते आणि तिथला स्नायू मरू लागतो. कार्डिॲक अरेस्ट आणखी वेगळा : त्यात माणूस कोसळतो, श्वास थांबतो, आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहणं हेच पहिलं काम असतं. ॲटॅकमुळे पुढे फेल्युअर होऊ शकतं, फेल्युअरच्या रुग्णाला अरेस्ट येऊ शकतो, म्हणून नाती जवळची आहेत. पण हार्ट फेल्युअर बहुतेक वेळा पावलं न वाजवता, महिनोन्‌महिने येत असतं.

पाय का सुजतात आणि दम का लागतो, हे एकदा समजलं की सगळ्या खुणा आपोआप ओळखू येतात. हृदयाची डावी बाजू फुप्फुसातून आलेलं रक्त शरीरात ढकलते. ती थकली की मागे फुप्फुसात रक्त तुंबतं, दाब वाढतो आणि पाणी झिरपतं. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त घेते. ती थकली की पाय, पोट, यकृत यांत पाणी साठतं. गैरसमज होतो तो मूत्रपिंडाचा. त्याच्याकडे रक्त कमी पोचतं, म्हणून त्याला वाटतं, अंगातलं पाणी आटलं. ते इमानेइतबारे मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. आधीच थकलेल्या हृदयावर त्या जास्तीच्या पाण्याचा भार पडतो, ते आणखी थकतं, मूत्रपिंड आणखी पाणी धरतं. हे चक्र उमजलं तेव्हा डॉक्टर दर वेळी मिठाबद्दल का विचारतात आणि लघवीच्या गोळीने श्वास कसा मोकळा होतो, हे दोन्ही मला एकदमच कळलं.

पायरी १ : घरात कोणावर लक्ष ठेवायचं

खुणा शोधण्याआधी, कोणाच्या बाबतीत शोधायच्या ते ठरवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव घ्या आणि खालचं आठवून पाहा.

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. २०१३ साली तिरुवनंतपुरममध्ये हार्ट फेल्युअरने रुग्णालयात भरती झालेल्या १२०५ जणांची नोंद ठेवली गेली. त्यांतल्या सुमारे ७२ टक्के लोकांच्या मुळाशी हेच कारण होतं, आणि त्यांचं सरासरी वय ६१ होतं, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. म्हणजे हा फक्त ऐंशीच्या घरातल्या आजोबांचा आजार नाही. ज्यांना पूर्वी ॲटॅक आला, ज्यांची ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपास झाली, ते या यादीत पहिले. आणि मधुमेह्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्या : त्यांना ॲटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. अण्णांना पंधरा वर्षांपासून शुगर. आजारपणाच्या दोन वर्षं आधी एका लग्नाहून आल्यावर रात्रभर त्यांना घाम, मळमळ आणि अस्वस्थपणा होता. ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. इको करताना डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी ॲटॅक?" आम्ही नाही म्हणालो. हृदयाची एक भिंत मात्र हलत नव्हती.

दुसरं कारण वर्षानुवर्षं चढलेलं ब्लड प्रेशर. भरलेली बादली रोज उचलणाऱ्याचा दंड जसा जाड होतो, तसा वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलणाऱ्या हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होतो. ताठ हृदय नीट सैल पडत नाही, म्हणून नीट भरत नाही. प्रेशर दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. "मला काही त्रास नाही" म्हणून गोळी सोडणारे आमच्या वाड्यात मीच चार जण मोजू शकते.

तिसरं, झडपा. लहानपणी घसा वारंवार दुखला, मग सांधे सुजले, ताप आला, अशी हकिगत असेल तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. घशातल्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा ताप बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो आणि हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. झडप आकसल्याचं कळतं वीस-पंचवीस वर्षांनी, पुष्कळदा एखाद्या बाईच्या पहिल्या गरोदरपणात, शरीरातलं रक्त वाढल्यावर. म्हाताऱ्या माणसांत झडपा कॅल्शियम साठून कडक होतात, तो प्रकार वेगळा.

बाळंतिणीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण इथे चूक होणं फार सोपं आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचं हृदय अचानक कमजोर पडतं, आधी कुठलाही आजार नसताना. पाय सुजणं, धाप, थकवा हे सगळं बाळंतिणीला असतंच, असं आपण धरून चालतो आणि डिंकाचे लाडू वाढवतो. बाळंतिणीला आडवं पडल्यावर श्वास पुरत नसेल, रात्री बसून झोपावं लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवा आणि इकोबद्दल विचारा.

बाकीची कारणं थोडक्यात : खूप वर्षांची दारू, कर्करोगाची काही औषधं, विषाणूंमुळे हृदयाला आलेली सूज, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, तीव्र रक्तक्षय, वाढलेलं वजन, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, फार काळ अनियमित किंवा अतिवेगाने चालणारे ठोके. बिडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झाली की हृदयाची उजवी बाजू थकते. आणि काही घराण्यांत स्नायूचा दोष पिढीजात असतो. भाऊबंदांत कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पायरी २ : खुणा कुठे शोधायच्या

पेशंटला "दम लागतो का?" असं विचारू नका. नाही असंच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. माणूस नकळत कामं कमी करतो, त्यामुळे दम लागण्याची वेळच येत नाही. विचारायचं असं : सहा महिन्यांपूर्वी जे करत होता, त्यातलं आता काय सोडलंत? भाजीला पायी जात होता, आता रिक्षा का? राजवाड्यापर्यंतची फेरी कधी बंद झाली? पूजेला खाली बसत होता, आता खुर्ची का लागते? उत्तर मिळतं. अण्णांचं उत्तर झांक्यांमध्ये होतं, आम्ही ऐकलं नाही.

मग रात्रीकडे वळा. आडवं झाल्यावर पायांकडचं पाणी छातीकडे परत येतं, आणि जे हृदय दिवसा कसंबसं निभावत होतं ते मागे पडतं. म्हणून उशा मोजा. एकावरून दोन, दोनावरून तीन, मग आरामखुर्चीत झोपणं, हा क्रम फार बोलका आहे. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी घुसमटून जाग येणं आणि बसल्यावर किंवा खिडकीपाशी गेल्यावर पाव-अर्ध्या तासात बरं वाटणं, ही तर अगदी हृदयाची खूण. आडवं पडलं की येणारा कोरडा खोकला याच घरातला. रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागणं हेही, कारण आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे रक्त जास्त पोचतं. पुरुषांत हे प्रोस्टेटच्या खात्यावर टाकलं जातं.

खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना किंवा बुटाची नाडी बांधताना अर्ध्या मिनिटात श्वास कोंडतो का, तेही पाहा.

पायांचं म्हणाल तर सूज दोन्ही पायांवर, संध्याकाळी जास्त. चपला घट्ट होतात, मोज्याच्या इलास्टिकची चर तासभर जात नाही. बाईच्या पायातलं जोडवं रुतायला लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतील, त्याची सूज कमरेच्या मागे शोधावी लागते. एकच पाय सुजला, दुखतो, गरम लागतो, तर कारण बहुधा दुसरं, शिरेत गुठळी किंवा जंतुसंसर्ग. पण तेही त्याच दिवशी दाखवायचं. आणि एक दिलासा : प्रेशरच्या ॲम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, फुगलेल्या शिरा यांनीही सुजतात. म्हणून सूज दिसली की हार्ट फेल्युअरच, असं समजू नका. सुजेबरोबर दम आणि वजन वाढतंय का, ते पाहा.

पोटाच्या खुणा फार चुकतात. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, मळमळतं, लेंग्याची नाडी सैल करावी लागते आणि हातापायाच्या काड्या होत जातात. यकृत आणि आतड्यांत रक्त तुंबल्याने हे होतं. आमच्या नात्यातल्या एका काकूंचे सहा महिने पोटाच्या तपासण्यांतच गेले.

म्हातारपणी कधी कधी यातलं काहीच ठळक दिसत नाही. नुसती गळून गेल्यासारखी अवस्था, भूक मेलेली, बोलण्यात घोळ, हातपाय गार. चार-आठ दिवसांत माणूस बदलला असं वाटलं, तर "वय झालं" हे वाक्य घरात बोलायचंच नाही, असा आमच्याकडे आता नियम आहे. वय काही आठवड्यात वाढत नाही.

पायरी ३ : वजनकाटा, अंगठा, नाडी आणि वही

ज्याला धोका आहे किंवा ज्याचं निदान झालं आहे, त्याच्यासाठी घरात एक डिजिटल वजनकाटा घ्या. या आजारात मला सगळ्यात मोलाची वस्तू कोणती वाटली, तर हीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि सूज डोळ्यांना दिसण्याआधी अंगात कित्येक लिटर पाणी साठलेलं असू शकतं. डोळ्यांच्या आधी काट्याला कळतं.

वजन रोज सकाळी, शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी. कपडे तितकेच. काटा त्याच जागी, सपाट फरशीवर ठेवलेला, सतरंजीवर नाही. आकडा लगेच लिहायचा. आदल्या दिवसाच्या आकड्याशी भांडत बसू नका, अर्धा किलो इकडे तिकडे होतंच. रुग्णालयातून घरी सोडताना सूज उतरलेली असते, त्या वेळचं वजन डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुलना त्याच्याशी करायची.

मग अंगठा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने पाच-सात सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर पाणी आहे. खळगा घोट्यापाशी आहे की गुडघ्याकडे सरकतोय, ते लिहा.

नाडी मनगटावर, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर मधले चुकलेले ठोके कळत नाहीत. अगदी बेताल चालली असेल तर ई.सी.जी. लवकर हवा. प्रेशर घेताना आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेबलावर. चहा, तंबाखू किंवा जिना चढून आल्यावर अर्धा तास थांबा.

आमच्या वहीच्या पानावर असे रकाने आहेत : तारीख, वजन, प्रेशर, नाडी, सूज कुठवर, उशा किती, पायऱ्यांवर कुठे थांबले, औषध चुकलं का. शेवटून दुसरा रकाना आईने घातला. डॉक्टर आता सगळ्यात आधी तोच पाहतात.

पायरी ४ : कधी फोन, कधी १०८

तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन वाढलं, सूज वर सरकली, एक उशी वाढली, रात्री खोकला सुरू झाला, जिन्यावरचा थांबा खाली आला, उभं राहिल्यावर चक्कर येते : त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोमवारची वाट पाहू नका. या टप्प्यावर पुष्कळदा औषधाचा डोस बदलून भागतं, भरती टळते.

बसल्या जागी धाप, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, फेसाळ गुलाबी थुंकी, छातीत दाब किंवा दुखणं, भोवळ येऊन पडणं, ओठ निळसर, अंग गार घामाने भिजलेलं : १०८ ला फोन लावा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माणसाला आडवं करू नका. पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, पाठीला आधार देऊन ताठ बसवा. कपडे सैल करा. पाणी पाजण्याचा आग्रह नको. स्कूटरवर मध्ये बसवून नेणं तर नकोच. आम्ही त्या रात्री अण्णांना "जरा पडा, बरं वाटेल" म्हणून दोनदा आडवं केलं होतं. ते हाताने ढकलत होते आणि आम्हाला कळत नव्हतं.

पायरी ५ : दवाखान्यात काय सांगायचं, काय विचारायचं

"थकवा आहे, खोकला आहे" असं सांगितलं तर थकव्याचं आणि खोकल्याचं औषध मिळेल. सांगा : "नवरात्रापर्यंत बावीस पायऱ्या चढत होते, आता बाराव्या पायरीवर थांबतात. महिन्याभरात एका उशीच्या तीन झाल्या. वजन तीन किलो वाढलं." अशा हकिगतीनंतर पुढची तपासणी होतेच. खोकला तीन आठवडे हटत नसेल आणि आडवं पडल्यावर वाढत असेल, तर "हे हृदयाचं असू शकेल का?" असं स्पष्ट विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

साधारणपणे ई.सी.जी., छातीचा एक्स-रे, रक्त (हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड) आणि इको होतो. एन.टी.-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी फार उपयोगी : ताणलेलं हृदय हे द्रव्य सोडतं. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचा आकडा १२५ च्या खाली असेल, तर दम बहुधा हृदयामुळे नाही. वय आणि मूत्रपिंडाच्या आजाराने आकडा चढतो, लठ्ठपणात तो फसवा कमी येतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावायचा.

इकोचा कागद हातात आला की सगळे 'ई.एफ.' शोधतात. म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडलं. हे कोणाचंच १०० नसतं. ५५ ते ७० हे निरोगी. "पंचावन्न आलंय, म्हणजे अर्धंच हृदय चालतंय" म्हणून रडणारी माणसं मी इकोच्या खोलीबाहेर पाहिली आहेत. ४० किंवा कमी म्हणजे पंपिंग घटलेलं, ४१ ते ४९ मधलं. पण इथे दुसरी गफलत आहे : ई.एफ. ६० असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. ते ताठ, नीट न भरणारं हृदय आठवा. प्रेशर, शुगर, वाढलेलं वजन असलेल्या वयस्क बायकांत हा प्रकार खूप. "इको नॉर्मल आहे, काळजी नको" म्हणून त्यांना परत पाठवलं जातं आणि दम तसाच राहतो. पंपिंग ठीक असून खुणा कायम असतील, तर "हृदय भरतं कसं, दाब किती, हे पाहिलंत का?" हा प्रश्न विचारायला विसरू नका.

खर्चाच्या भीतीने तपासणी लांबवू नका. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. भरतीच्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं ते संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन काढून ठेवा, रात्री अडीचला ते काढता येत नाही.

पायरी ६ : सावरलेलं पुन्हा बिघडतं कशाने

इंदुरात राहून मीठ कमी करणं म्हणजे काय, हे इंदूरकरांनाच कळेल. आपल्याकडे शेव पोह्यांवर, शेव दाण्यांच्या उसळीवर, शेव वरणभाताबरोबर. पोह्यांवर जिरावण मसाला, जिरावणात काळं मीठ. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत कचोरी, थंडीत गराडूच्या तळलेल्या कंदावर मसाला. वर आपली मराठी जेवणाची डावी बाजू : लोणचं, पापड, कुरडई, सांडगी मिरची. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा, म्हणजे सगळ्या जेवणाखाणातलं मिळून चहाचा एक सपाट चमचाभर. आमच्याकडे तो चमचा सकाळी दहाच्या आत संपत होता.

आम्ही काय केलं, तर अण्णांचे पोहे घरी, लिंबू, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि भाजलेल्या बडीशेपेची पूड घालून. भाजी-आमटी सगळ्यांचीच कमी मिठाची, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं, पण मिठाची वाटी अण्णांच्या हाताशी नाही. पापड महिन्यातून एकदाही नाही, त्यात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम. पहिले पंधरा दिवस ताटावर रुसवा होता, मग जीभ सुधारली. सैंधव आणि काळं मीठ उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं नाही, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि या आजाराच्या काही औषधांनी ते आधीच वाढू शकतं.

मिठाइतकाच घातक घोटाळा वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरायला लावते आणि लघवीच्या गोळीचं काम हाणून पाडते. आठवड्याभराच्या गोळ्यांनी माणूस पुन्हा भरती होऊ शकतो. फसफसणारी ॲसिडिटीची चूर्णं सोडियमने भरलेली असतात. मधुमेहाची पायोग्लिटाझोन पाणी साठवते. ज्येष्ठमधाचा काढा खोकल्यासाठी रोज घेतला तर प्रेशर वाढतं, पोटॅशियम घटतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता.

आणि सगळ्यात मोठं कारण : बरं वाटलं म्हणून औषध सोडणं. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांसाठी आज चार गटांची औषधं एकत्र दिली जातात, सुरुवात छोट्या डोसने आणि मग हळूहळू वाढ. यांतलं एक मधुमेहासाठी निघालेलं आहे, म्हणून शुगर नसलेल्या माणसालाही ते लिहून दिलं तर दचकू नका, चूक झालेली नाही. ही औषधं सूज उतरवण्यापुरती नसतात, हृदय आणखी बिघडू नये म्हणून ती आयुष्यभर चालतात. अण्णांचं पंपिंग दीड वर्षात २८ वरून ४२ वर आलं. "आता गोळ्या कमी करा" म्हणाले. डॉक्टरांनी उत्तर दिलं, "गोळ्यांमुळेच ४२ आहे." उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण बंद झालं, तर मात्र फोन करून विचारा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाला उभं राहताना चक्कर आली, तरी तसंच. पाणी किती प्यायचं हेही विचारून घ्या, प्रत्येकाचं माप वेगळं.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण साधा ताप-खोकलाही या हृदयाला झेपत नाही. चालणं सोडू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अण्णा आधी गच्चीत पाच मिनिटं, मग नेहरू पार्कात वीस मिनिटं असे वाढत गेले. बोलता बोलता चालता येईल इतपतच वेग.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर आजाराचं नाव, ई.एफ. आणि त्याची तारीख, सूज नसतानाचं वजन, सगळ्या गोळ्या आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या काकांचा नंबर आणि मोठ्या अक्षरांत १०८. वही जिन्याच्या वळणावर, बाराव्या पायरीजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. तिथेच एक स्टूल ठेवलं आहे. अण्णा अजूनही कधी कधी थांबतात, तेव्हा उघडपणे बसतात, आणि वर आल्यावर स्वतःच सांगतात, "आज बाराव्यावर एक मिनिट. लिही."